राजय्याची गाडी परवडत होती

हे सांगायचं मी लई वर्षं टाळलं. कुणी विचारलं न्हाय असं न्हाय, विचारलं की. आमच्या रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर आता रोज हाच विषय, बॅटरीची गाडी परवडती का न्हाय परवडत, पेट्रोल घालावं का वायर लावावी, आन् त्यात कुणीतरी जुनं माणूस म्हणतंच, आपल्या सोलापुरात मागं एकानं काढली होती की तसली गाडी, काय झालं, दिवाळी बी बघितली न्हाय तिनं, बिरूमामाला विचारा, मामाच हाकत होता. मग सगळी माज्याकडं बघत्यात. मी म्हणतो, व्हय, बसली गाडी. आन् तंबाखू मळाय लागतो. आज तुमी कागद घेऊन बसलाय, आन् माजं बी वय झालंय, तर लिवून घ्या. गाडी बसली न्हाय, गाडी मारली. आन् ज्यानं केली त्याचं नाव बद्दू झालं, त्याचं काय चुकलं न्हवतं.

मी मूळचा वळसंगचा, बिरप्पा माजं नाव, आमी धनगर. वडलांची मेंढरं होती. गावात निम्मं कानडी, निम्मं मराठी, तवा दोन्ही भाषा मला पाळण्यातनंच आल्या. मेंढरामागं माजा जीव रमत न्हवता, म्हणून चुलत्यानं मला सोलापुरात आणलं, त्याचा टांगा होता, आन् चुलता थकल्यावर तो टांगा माज्याकडं आला. घोडी होती, हरणी. काय सांगू तुमाला, असं जनावर पुन्हा बघितलं न्हाय. चुलत्यानं मला टांग्याचं सगळं शिकवलं, त्यात दोन गोष्टी तर रक्तात बसवल्या. एक, घोडी दमून उभी राहिली तर चाबूक काढायचा न्हाय, सावलीला घ्यायची, ओझं उतरवायचं, मानेवर हात फिरवायचा, दम खाऊ द्यायचा, ती आपली आपण पुढं निघती. दुसरी, पळून तापलेल्या घोडीला लगेच पाणी दाखवायचं न्हाय. घाम सुकू द्यायचा, मग पाणी. तापलेल्याला पाणी पाजलं की जनावर पोटानं मरतं. हे दोन नेम मी कधी मोडले न्हाईत. मोडले असते तर बरं झालं असतं, पर ते पुढं सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसाला ज्वारी मिळंना, तितं घोडीला कडबा कुटला. हरणीच्या फासळ्या दिसाय लागल्या. मोहोळच्या एका बागाईतदाराला मी ती दिली, त्याच्या विहिरीला पाणी होतं म्हणून. ती देऊन येताना मी मागं वळून बघितलं न्हाय. तिच्या गळ्यातले घुंगरू तेवढे काढून आणले. मग टांगा पडून राहिला आन् मी नवी पेठेत चनबसप्पा शेटजींच्या पेढीवर गठ्ठे उचलाय लागलो. चादरी-टॉवेलचा मोठा व्यापार त्यांचा. पूर्व भागातल्या मागांच्या शेडीतनं माल पेढीवर यायचा, पेढीवरनं स्टेशनला जायचा, काही बैलगाडीनं, काही पेट्रोलच्या तीनचाकी टेंपोनं.

आन् त्यातच तिकडं अरबांची लढाई झाली. आता अरब कुटं, सोलापूर कुटं, पर पेट्रोलचा भाव असा चढला की रिक्षावाले उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचे. टेंपोवाल्यांनी भाडं वाढवलं. शेटजी रोज सकाळी गादीवर बसून अरबांना कानडीत शिव्या द्यायचे. कुणी बॅटरी म्हणलं की आज लोकांना वाटतं ही परवाची फॅशन हाय, टीव्हीत आली, दिल्लीवाल्यांनी शोधली. मला चीड येती. आरं, हा सगळा परवडण्याचा वाद आमच्या नवी पेठेत, शेटजींच्या गादीसमोर चप्पल काढून उभं राहून झालाय, तुमचे बाप चड्डीत होते तवा!

तो वाद घेऊन आला राजय्या. पद्मशाली माणूस, घरात तेलुगू, बाहेर मराठी, मागाच्या जळलेल्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचा. घरचे दोन माग होते, ते बायको आन् भाऊ चालवायचे. वयानं माज्याएवढाच. बोलायला लई गोड, पर हट्टी. त्यानं मोडीत निघालेल्या रिक्षाचा सांगाडा घेतला, कुटल्या तरी बंद कारखान्याच्या भंगारातनं एक मोटार आणली, मागं लाकडी पेटी केली, खाली ट्रकच्या बॅटऱ्या बसवल्या, आन् एका सकाळी ती गाडी घेऊन पेढीसमोर आला. आवाज न्हाय, धूर न्हाय. हमाल बाजूलाच सरकंनात, कारण मागनं काय येतंय ते कळायचंच न्हाय. एका म्हातारीनं तर पदर तोंडाला लावून म्हणलं, अगबाई, भुतानं ढकलली का काय!

शेटजी म्हणले, येनप्पा, काय रे राजय्या, हे खेळणं गड्ड्याच्या जत्रेत लाव, पोरं बसतील. सगळी हसली. राजय्या बी हसला आन् म्हणला, शेटजी, खेळणं न्हवं, हिशेब हाय. पेट्रोल रोज जळून जातं, हातात काय राहात न्हाय. बॅटरी एकदाच घ्यायची. वीज तर एका मागापेक्षा बी कमी खाती. सगळा प्रश्न एवढाच, की बॅटरी किती टिकती. वर्षभर टिकली तर ही गाडी तुमच्या टेंपोपेक्षा स्वस्त. दोन वर्षं टिकली तर बैलगाडीपेक्षा बी स्वस्त, कारण बैलाला रविवारी बी खायला लागतं. आन् वर्ष टिकली न्हाय, तर माजा हिशेब खोटा, मग तुमी म्हणाल ते. शेटजी हसायचे थांबले. व्यापारी माणूस, हिशेब म्हणलं की कान उभे राहायचे. त्यांनी करार केला, तोंडीच. पाडव्यापासनं पुढच्या पाडव्यापर्यंत माजा माल वाहा. बॅटऱ्या न बदलता वर्ष काढलं, तर माज्या पेढीला दहा गाड्या, आन् बाकीच्या पेढ्यांना मी सोता सांगीन. राजय्यानं तिथंच हात जोडले. नव्या कोऱ्या बॅटऱ्या घ्यायला त्यानं आपले दोन्ही माग विकले. विणकराच्या घरातनं माग जाणं म्हंजे काय ते तुमाला कळायचं न्हाय. घरात आवाजच राहात न्हाय.

आन् हाकायला कोण? शेटजी म्हणले, बिरप्पा हाक, तो टांगेवाला हाय, माज्या मालाला धक्का लावायचा न्हाय.

राजय्यानं मला गाडी लावायच्या शेडमध्ये नेऊन सगळं दाखवलं. समोर एक घड्याळ होतं, त्याला काटा, आन् खाली तांबडी रेघ. म्हणला, बिरप्पा, दोनच गोष्टी ध्यानात ठेव. काटा तांबड्याला टेकला की हाय तितं थांबायचं, माल हातगाडीवर घालायचा आन् मला निरोप धाडायचा. एक पाऊल पुढं न्यायची न्हाय. आन् दुसरं, गाडी शेडमध्ये आली की आल्या आल्या वायर लावायची, रिकाम्या पोटी उभी ठेवायची न्हाय. मी म्हणलं, व्हय. चुलत्याच्या दोन गोष्टी आन् राजय्याच्या दोन गोष्टी. बघा तुमीच, समोरासमोर ठेवून बघा.

पहिले म्हैने लई छान गेले. गाडीला आवाज न्हवता म्हणून मी हरणीचे घुंगरू पुढं बांधले, राजय्या खूश झाला, म्हणला, आता हिला बी नाव ठेव. मी ठेवलं न्हाय, पर मनातल्या मनात हरणीच म्हणायचो. घुंगरांचा आवाज करत गठ्ठे घेऊन निघालो की पेठेतली दुकानदार माणसं बाहेर येऊन बघायची. टेंपोवाले जळायचे. मला वाटायचं, दुष्काळानं नेलं ते देवानं परत दिलं.

पावसाळ्यात एक दिवस रेल्वे पुलाच्या चढाला, पेटी गच्च भरलेली, काटा तांबड्याला टेकला. मी थांबलो. निरोप धाडावा म्हणून माणूस बघतोय, तर माजे जुने टांगेवाले सोबती मागनं आले. काय बिरप्पा, घोडी बसली जणू? एक म्हणला, हरभरे चार की तिला! दुसरा म्हणला, आरं शेपटी पिरगाळ! मला घाम फुटला. टांगा हाकत होतो तवा माजी घोडी रस्त्यात कधी बसली न्हवती हो. मग मी काय केलं, गाडी ढकलून लिंबाच्या सावलीला घेतली, चार गठ्ठे उतरवले, आन् बिडी पेटवून बसलो. पेटीवर हात फिरवला. तुमी हसाल, पर मी फिरवला. बिडी संपली, अजून एक संपली, आन् गाडी चालू करून बघितली तर काटा वर! चालली की हो! गठ्ठे परत घातले, चढ चढून गेलो, घुंगरू वाजवत. टांगेवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

त्या दिवशी मला वाटलं, राजय्याला बॅटरी कळती, पर जनावर मला कळतं. हिला बी दम लागतो, दम खाऊ दिला की उठती. ही गोष्ट मी त्याला सांगितली न्हाय. का सांगू, ते माजं गुपित, माज्या चुलत्याची विद्या. मग रोजचंच झालं. काटा तांबड्याला टेकला की सावली, बिडी, हात फिरवायचा, आन् अजून एक फेरी. शेटजी म्हणायचे, शाबास बिरप्पा, टेंपोपेक्षा तुज्या फेऱ्या जास्त. छाती फुगायची माजी. आन् शेडमध्ये आलो की पेटीला हात लावून बघायचो, गरम लागायची, की मी वायर लावायचो न्हाय. घाम सुकू दे म्हणायचो. पहाटे येऊन लावायचो, राजय्या यायच्या लई आधी. एकदा त्यानं विचारलं, लगेच लावतोस न्हवं? मी म्हणलं, लावतो की. ती खोटं बोलायची पहिली वेळ, आन् मला काहीच वाटलं न्हाय, कारण मला वाटत होतं मी तिचं भलंच करतोय.

दसऱ्याला मी गाडीला भंडारा लावला, झेंडूचा हार घातला, गुळाचा खडा ठेवला. त्यानंतर ती सरळच बसली. बिडी संपली, बंडल संपलं, काटा वर येईना. राजय्यानं वायर लावली, पुन्हा लावली, रात्रंदिवस लावून ठेवली, दोन फेऱ्यांच्या वर दम धरंना. त्यानं एक बॅटरी फोडून बघितली. आतल्या पट्ट्यांवर पांढरं धरलं होतं, खडीसाखर चिकटावी तसं. तो ते हातात धरून नुसता बघत बसला. मला म्हणला, बिरप्पा, हे असं व्हायला नको होतं, एवढ्यात न्हाय.

शेटजींनी पेढीवर बोलावलं. आता मी जे सांगतो त्यात माजा राग हाय, तो तसाच लिवा, गुळगुळीत करू नका. पेढीच्या दारात त्या दिवशी एक कोरा करकरीत पेट्रोलचा टेंपो उभा होता. शेटजींच्या जावयानं पुण्याकडनं त्याची एजन्सी घेतली होती. म्हंजे निकाल काय लागणार ते दारातच उभं होतं, बोलावणं नुसतं दाखवायला! पेढीवर बाकीचे चार व्यापारी, तक्क्याला टेकून. जावई राजय्याला म्हणला, काय मास्तर, वर्षाचा हिशेब दसऱ्यालाच संपला का? सगळी खो खो हसली. राजय्या उभाच होता, त्याला कुणी बस म्हणलं न्हाय. तो म्हणला, शेटजी, काटा तांबड्याखाली नेऊन हाकली असंल, किंवा रिकामी उभी ठेवली असंल, तरच असं होतं. तसं झालं असंल तर माजा हिशेब खोटा न्हाय. मी उधारीवर नव्या बॅटऱ्या आणतो, अजून एक वर्ष द्या.

शेटजी माज्याकडं वळले. बिरप्पा, तांबड्याखाली कधी हाकलीस?

मी म्हणलं, न्हाय मालक.

हौदा? खरंच? मग भंडारा उचल, म्हणले. देवळीत खंडोबाचा टाक होता, त्याच्यापुढं भंडाऱ्याची वाटी. धनगरानं भंडारा उचलला की पुढं प्रश्न न्हाय, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. राजय्या माज्याकडं बघत होता. रागानं न्हवं. आशेनं. आता वाटतं, त्याला हवं होतं मी चुकलेला असावा, म्हंजे त्याची गाडी वाचली असती. आन् मी? मला वाटलं, दम खाऊ देणं म्हंजे काय जबरदस्तीनं हाकणं न्हवं. मला वाटलं, बॅटरीच कच्ची, माज्या हाती जनावर मेलं असं चारचौघांत कशाला कबूल करू. आन् खरं सांगू का, तो दारातला कोरा टेंपो मी येताना बघितला होता, आन् त्याला हाकणारा लागणार होता. मी भंडारा उचलला. कपाळाला लावला.

राजय्यानं घुंगरू सोडून माज्या हातात दिले आन् गाडी ढकलत घेऊन गेला. पेठेतनं ढकलत. पोरं मागनं हॉर्नचे आवाज काढत होती.

तवापासनं सोलापुरात म्हणायची रीतच पडली, काही न परवडणारं असलं की लोक म्हणायचे, ही राजय्याची गाडी हाय. लग्नात जास्त खर्च केला, राजय्याची गाडी. महागाची म्हस घेतली, राजय्याची गाडी. मी तितं उभा असायचो. आन् ज्यांना बॅटरी गोल असती का चौकोनी ते ठाऊक न्हवतं, ती माणसं छाती ठोकून सांगायची, बॅटरीवर गाडी चालणं शक्य न्हाय, हितं सिद्ध झालंय. काय सिद्ध झालं? ह्या बिरप्पाचं तोंड सिद्ध झालं!

टेंपो मला मिळाला. लई वर्षं हाकला. सुरवातीलाच कवातरी त्याची बॅटरी गेली, तर मोहोळच्या रस्त्याला एका बॅटरीवाल्याकडं थांबलो. त्यानं फोडून दाखवली, आत तेच पांढरं. मी म्हणलं, हे कशानं? तो काम करता करता सहज म्हणला, रिकामी ठेवलीस मामा, रिकाम्या बॅटरीला लगेच भरायचं असतं, न्हायतर अशी मरती. मी म्हणलं, आन् थोडा वेळ थांबलं की परत चालती, ते? तो म्हणला, ती वर येती ते फसवं असतं, उरलंसुरलं देत असती, तवाच खरी मरती. मी तसाच रस्त्याच्या कडंला बसलो. त्यानं पाणी दिलं, विचारलं, ऊन लागलं का. मी म्हणलं, व्हय.

राजय्या तवा सोलापुरात न्हवता. माग गेले, नाव गेलं, तो भिवंडीला गेला होता, तितं दुसऱ्याच्या दुकानात वाइंडिंग करायचा. मी पुतण्याच्या सोयरिकीला भिवंडीला गेलो, तवा मुद्दाम शोधत गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. केस पांढरे झालेले, पर हसणं तसंच. मला बघून उठला, मिठी मारली, चहा मागवला. पयलं काय विचारलं ठाऊक हाय? तुजी घोडी परत घेतलीस का, म्हणला. मी म्हणलं, न्हाय. मग बोलता बोलता तोच म्हणला, बिरप्पा, त्या गाडीचं मी लई दिवस डोकं फोडलं. आधी मला वाटायचं तूच काहीतरी केलं असशील. पर तू भंडारा उचललास. तू खोटा भंडारा उचलणार न्हाईस. मग मी म्हणलं, राजय्या, तुजाच हिशेब चुकला. चढाचा हिशेब चुकला असंल, ओझ्याचा चुकला असंल. पुन्हा नादाला लागलो न्हाय. बरं झालं, न्हायतर अजून माणसं बुडवली असती मी.

आन् मी काय म्हणलो? तुमी लिवा. मी म्हणलो, होतं असं कधी कधी. मी त्याला धीर दिला! चहा संपवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आन् गाडी धरून परत आलो. काही वर्षांनी कळलं, तो गेला.

आता माज्या पुतण्यानं बॅटरीची रिक्षा घेतलीय. मोबाईलवर हिशेब दाखवतो, इतक्या वर्षांत पैसे फिटत्यात. मी म्हणलं, बाबा, हिशेब बरोबर हाय, तो लई जुना हिशेब हाय, देव तुला यश देवो, पर घरी आल्या आल्या वायर लाव. तो हसतो, काका, नव्या बॅटऱ्यांना काय होत न्हाय. मी ऐकत न्हाय. त्याची रिक्षा दारात आली की मी काठी टेकत उठतो आन् तो हातपाय धुवायच्या आत सोताच वायर लावतो. हरणीचे ते घुंगरू मी त्याच्या रिक्षाला बांधाय दिले न्हाईत, ते माज्याकडं हायेत, ते त्याचे न्हवंत. पुढं म्हणं सगळ्या गाड्या अशाच होणार. होऊ द्या. कट्ट्यावर परवडती का न्हाय ह्यावर भांडू द्या. आता कुणी मला विचारलं तर बसली म्हणणार न्हाय.

भिवंडीच्या त्या दुकानात जे म्हणायला गेलो होतो ते अजून तोंडपाठ हाय. राजय्या, तुजा हिशेब चुकला न्हवता. काटा तांबड्याला टेकल्यावर मी हाकली, रोज हाकली, आन् रिकामी उभी ठेवली, आन् देवापुढं खोटा भंडारा उचलला. तुजी गाडी चांगली होती. मला माफ कर.